कडक चहा आणि उसनी तरतरी

(रेडिओवर झालेल्या भाषणाचं संपादित रूप)



आत्ता हे ऐकताना तुमच्यापैकी निम्म्यांच्या हातात चहाचा कप असेल आणि उरलेल्यांनी तो नुकताच विसळून पालथा घातला असेल. घाबरू नका, मी कुणाच्या हातातला कप काढून घ्यायला आलेली नाही. मी स्वतः पक्की चहाबाज. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि त्यातली बरीचशी वर्षं आपण कडक चहाच्या जोरावर उभ्या आहोत, अशी माझी ठाम समजूत होती. ती समजूत एका रक्ताच्या थेंबानं मोडली. ती हकिगत पुढे सांगते. त्याआधी आपण चहाच्या दुकानात जाऊन येऊ, कारण तरतरीसाठी कडक चहा निवडायचा म्हणजे नेमकं काय निवडायचं, हा प्रश्न तिथेच सुरू होतो.

आमचं घर उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये. हे 'कॅम्प' प्रकरण बाहेरच्या पाहुण्यांना नेहमी चमत्कारिक वाटतं. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी कल्याणजवळ लष्कराच्या छावण्या होत्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथल्या बराकींमध्ये आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची उल्हासनगर म्हणून कोनशिला बसली. छावण्या गेल्या, पण एक ते पाच हे कॅम्पांचे आकडे लोकांच्या तोंडी राहिले ते राहिलेच. मी लग्न होऊन इथं आले तेव्हा बाजारातले बहुतेक दुकानदार सिंधी होते. आमचे चहावाले शेठजीही सिंधीच. दुकानात पत्र्याचे उंच डबे ओळीनं मांडलेले आणि आत पाऊल टाकलं की कोरड्या चहाचा तो उबदार वास.

पहिल्यांदा गेले तेव्हा मी म्हटलं, ''शेठजी, एकदम कडक चहा द्या. झोप उडाली पाहिजे.'' त्यांनी तराजू खाली ठेवला आणि विचारलं, ''टीचर, आपको रंग चाहिए, कडक चाहिए, के खुशबू चाहिए?'' मला वाटलं, हे काय विचारणं झालं? चहा काळाभोर झाला म्हणजे तो कडक, आणि कडक झाला म्हणजे त्याच्यात ताकद. तिन्ही गोष्टी एकच. शेठजी हसले आणि त्यांनी तीन डबे उघडून माझ्यासमोर ठेवले. मी विज्ञानाची पदवी घेतलेली, पण चहाचा पहिला धडा मला त्या माणसानं दिला.

पहिल्या डब्यात होती बारीक भुकटी. व्यापारात तिला डस्ट म्हणतात. नाव ऐकून ती झाडून काढलेली धूळ वाटते, पण तसं नाही. चहा चाळताना सगळ्यात बारीक जाळीतून खाली येतो तो हा चहा. दाणा जितका बारीक, तितका त्याचा पाण्याला लागणारा पृष्ठभाग जास्त. म्हणून डस्ट पाण्यात पडताच रंग सोडते. टपऱ्यांवर आणि हॉटेलांत ती चालते ती याच गुणामुळे. गिऱ्हाईक थांबत नाही, चहा झटपट उतरला पाहिजे.

दुसऱ्या डब्यात होता गोळीसारखा दाणेदार चहा. मुंबईकडच्या दुकानांत याला 'मम्री' म्हणतात. पाकिटावर इंग्रजीत 'सीटीसी' अशी तीन अक्षरं असतात, ती याचीच. पान चिरडायचं, फाडायचं आणि वळायचं, अशा तीन क्रियांची ती आद्याक्षरं आहेत. १९३० च्या सुमारास आसाममधल्या आमगुरी मळ्यात विल्यम मॅक्करचर यांनी दातेरी रुळांचं हे यंत्र आणलं. आज भारतात होणारा बहुतेक चहा याच पद्धतीनं तयार होतो. दूध आणि साखर घालूनही ज्याची चव दबत नाही असा चहा आपल्याला लागतो, आणि आसामचा दाणेदार चहा त्या कामाला पक्का.

तिसऱ्या डब्यात लांबट, वळलेली पानं. दार्जिलिंगचा चहा. शेठजी म्हणाले, ''ये साहब लोग पीते हैं, बिना दूध।'' पाण्यात घातला की फिकट सोनेरी रंग येतो, आणि वास मात्र असा की खोली भरून जाते.

आता यातला झोप उडवणारा कोणता? तर गंमत अशी की झोप उडवणारी गोष्ट या तिन्ही डब्यांत होती, आणि ती ना रंगानं कळत होती, ना वासानं. ती म्हणजे कॅफीन. पांढरं, बिनवासाचं, पाण्यात विरघळणारं आणि किंचित कडू. १८१९ साली जर्मनीच्या फ्रीडलीब रुंग या रसायनशास्त्रज्ञानं ते कॉफीच्या बियांतून वेगळं काढलं. चहातलं द्रव्य वेगळं असावं म्हणून त्याला काही वर्षं 'थेईन' असं निराळं नाव होतं. पुढे कळलं, दोन्ही एकच.

चहाला काळपट तांबडा रंग येतो आणि घोट घेतल्यावर जीभ आवळल्यासारखी होते, ती कॅफीनमुळे नव्हे. पान चिरडल्यावर त्यातली पॉलिफेनॉल नावाची द्रव्यं हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतात, कापलेलं सफरचंद तांबूस पडतं तसंच, आणि त्यातून हा रंग आणि हा तुरटपणा तयार होतो. रोजच्या बोलण्यात आपण त्याला टॅनिन म्हणतो. तेव्हा रंग आणि तुरटपणा हे एक खातं, आणि कॅफीन हे दुसरं खातं. आपण पहिल्या खात्याचं पासबुक बघून दुसऱ्या खात्यात किती शिल्लक आहे ते ठरवतो.

म्हणूनच फिकट दिसणारा दार्जिलिंग किंवा हिरवा चहा निरुपद्रवी समजून रात्री दहा वाजता प्यायलेली माणसं बारा वाजता छताकडे बघत पडलेली असतात. कॅफीन ठरतं ते मुख्यतः तीन गोष्टींवर. पहिली गोष्ट झाडाची जात. आसामच्या मोठ्या पानांच्या जातीत ते साधारणपणे जास्त असतं. दुसरी गोष्ट पानाचं वय. झाड कॅफीन तयार करतं ते किड्यांपासून बचावासाठी, त्यामुळे कोवळ्या कळीत आणि पहिल्या दोन पानांत ते जास्त, जून पानात कमी. आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे तुम्ही पातेल्यात चमचे किती टाकता.

हिशेब करून बघू. कोरड्या चहात वजनाच्या साधारण दोन ते चार टक्के कॅफीन असतं. एका कपाला आपण सपाट चमचाभर, म्हणजे दोनेक ग्रॅम चहा घालतो. तीन टक्के धरले तर साठ मिलिग्रॅम झाले, आणि त्यातलं थोडं चोथ्यात राहतं. राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली, त्यांत चहाच्या एका कपात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन धरलं आहे आणि दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या आत राहायला सांगितलं आहे. म्हणजे कडक चहाचे फार तर पाच कप. मी त्या काळात किती पीत होते, ते पुढे येईलच.

चमच्याचीही एक गंमत आहे. डस्ट बारीक असल्यामुळे चमच्यात ठासून बसते आणि वजनाला जास्त भरते. पानाचा चहा पोकळ बसतो. म्हणून 'डस्ट कडक लागते' यात थोडा वाटा निव्वळ वजनाचा असतो.

आता उकळण्याविषयी. आपल्याकडे 'चहा चांगला उकळू द्या' हे वाक्य आशीर्वादासारखं म्हणतात. बारीक आणि दाणेदार चहातलं बरंचसं कॅफीन उकळत्या पाण्यात पहिल्या दोन-तीन मिनिटांतच उतरतं. त्यानंतर दहा मिनिटं खदखदवलंत तर तुम्हाला मिळतो तो अधिक रंग आणि अधिक तुरटपणा. तरतरीत फारशी भर पडत नाही. कालच्या चोथ्यावर नवं पाणी ओतून उकळलेल्या चहाचं तर विचारूच नका. तो दिसायला दमदार, प्यायला कडवट, आणि कामाला जवळपास रिकामा. दुधानं कॅफीन कमी होत नाही. दुधातली प्रथिनं टॅनिनला धरून ठेवतात, त्यामुळे जिभेला मऊ लागतं एवढंच. आलं, सुंठ, मिरी यांनी घसा शेकला जातो आणि जागं झाल्यासारखं वाटतं, पण कॅफीन त्यांत नाही. गवती चहा तर नावाचाच चहा. ते सुगंधी गवत आहे. नुसता त्याचाच काढा केलात तर झोपेला अजिबात धक्का नाही.

रंगावर भुलू नका म्हणते त्याला आणखी एक कारण आहे. वापरलेला चोथा वाळवून, त्याला रंग देऊन पुन्हा विकण्याचे प्रकार अधूनमधून उघडकीला येतात. घरच्या घरी करायची परीक्षा सोपी आहे. टिपकागदावर थोडा चहा पसरा, पाण्याचे थेंब शिंपडून ओला करा. थोड्या वेळानं चहा काढून कागद नळाखाली धुवा आणि उजेडासमोर धरा. चांगल्या चहाचा डाग राहत नाही, रंग दिलेल्या चहाचे गडद ठिपके राहतात. मी वर्गात मुलांना आपापल्या घरून पुडीत चहा आणायला सांगून हा प्रयोग करत असे. विज्ञानाच्या तासाला आयांचा एवढा उत्साह मी दुसऱ्या कशात पाहिला नाही.

एवढं झाल्यावर मूळ प्रश्न. चहानं तरतरी येते म्हणजे होतं काय? शक्ती म्हणावी तर चहात ती नाही. दोन चमचे साखर आणि थोडं दूध यांचे जे काही उष्मांक असतील तेवढेच. मग पेंग कुठे जाते?

विठ्ठलवाडीहून सकाळी मुंबईकडे जाणारी लोकल डोळ्यांसमोर आणा. बदलापूर, अंबरनाथ करत ती भरूनच येते. आपण दिवसभर जागे असतो तेव्हा मेंदूत अॅडिनोसीन नावाचं द्रव्य हळूहळू साचत जातं. तो आपला थकलेला प्रवासी. मेंदूत त्याच्यासाठी ठरावीक बाकं आहेत. तो बाकावर बसला की मेंदूला निरोप मिळतो, 'दमलो, आता झोपू या.' कॅफीनचा बांधा अॅडिनोसीनसारखाच, त्यामुळे ते त्याच बाकावर जाऊन बसतं. पण निरोप मात्र देत नाही. खिडकीजवळची जागा अडवून नुसतं बसून राहतं. थकलेले प्रवासी उभेच. गाडीतून ते उतरलेले नाहीत, हे लक्षात घ्या. उलट दर तासाला नवे चढताहेत. काही तासांनी कॅफीन उतरून गेलं की सगळी गर्दी एकदम बाकांवर कोसळते. संध्याकाळी पाच-सहाला जो शीण येतो, 'अंगातलं बळच गेलं' असं वाटतं, त्यातला मोठा भाग हा असतो. त्यावर आपला उपाय कोणता? आणखी एक कप.

म्हणून मी या तरतरीला उसनी म्हणते. आणि उसनं फेडायचं असतं ते झोपेनं. नेमकं तेच आपण फेडू देत नाही. प्यायलेल्या कॅफीनपैकी निम्मं शरीराबाहेर जायला सरासरी पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला प्यायलेल्या चहाचा अर्धा वाटा रात्री अकराला रक्तात फिरत असतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन घेतलेल्यांची झोप तासाहून अधिक घटली होती. हे प्रमाण मोठं आहे, पण दिवसभर चहा पिणाऱ्यांची बेरीज त्याच्या जवळपास जाते.

याचं उदाहरण आमच्या शेजारीच होतं. एक मुलगा जीन्स शिवणाऱ्या कारखान्यात जायचा. सणासुदीच्या आधी मशिनी रात्रभर चालायच्या. पहाटे चारला डोळे मिटायला लागले की तो कटिंगवर कटिंग मारायचा आणि सकाळी सातला घरी येऊन अंथरुणावर पडला की झोप नाही. एकदा मला म्हणाला, ''काकू, रात्री झोप उभं राहू देत नाही आणि सकाळी ती येत नाही.'' एका दुपारी अशा अवस्थेत सुई बोटात गेली, तेव्हा त्याची आई रडत माझ्याकडे आली. मी डॉक्टर नव्हते, पण एवढं सांगितलं की चहा पाळीच्या सुरुवातीला घे, फार तर रात्री एक-दीडपर्यंत. त्यानंतर बंद. आणि जेवणाच्या सुट्टीत चहा पिऊन लगेच पंधरा मिनिटं डोळे मीट. कॅफीनचा परिणाम जाणवायला वीस-तीस मिनिटं लागतात, तेवढ्यात डुलकी होऊन जाते. इंग्लंडमध्ये लफबरो विद्यापीठाच्या संशोधकांनी पेंगुळलेल्या वाहनचालकांवर कॉफी आणि छोटी डुलकी यांचा असाच प्रयोग केला होता, त्याचे निष्कर्ष १९९७ साली प्रसिद्ध झाले. दोन्हींची जोडी उपयोगी ठरली. आमच्या या मुलालाही फरक पडला. रात्रपाळी काही सुखाची झाली नाही, पण सकाळी झोप लागायला लागली.

आता माझी गोष्ट. चाळिशी नुकतीच ओलांडली होती. शाळा लांब, त्यामुळे पहाटे पाचला उठायचं. उठल्यावर एक चहा. डबे भरताना दुसरा. पोह्यांबरोबर तिसरा. विठ्ठलवाडी स्टेशनबाहेर 'स्पेशल कडक' चौथा. शाळेत मधल्या सुट्टीत पाचवा, डबा खाल्ल्याबरोबर सहावा. घरी परत आल्यावर सातवा, आणि वह्या तपासताना आठवा. तरी दम लागायचा. पुलाचे जिने चढताना मध्ये थांबावं लागायचं. फळ्यासमोर उभी राहिले की पाय लटपटायचे. मी दर महिन्याला शेठजींकडे जाऊन सांगत असे, ''जरा आणखी कडक द्या.'' डस्टचं प्रमाण वाढत वाढत निम्म्यावर आलं. शेठजींच्या म्हाताऱ्या आई गल्ल्याजवळ बसलेल्या असत. एकदा माझ्याकडे निरखून बघत म्हणाल्या, ''बेटी, चाय बदलने से चेहरे का रंग नहीं आएगा।'' मी हसण्यावारी नेलं.

मग शाळेत रक्तदान शिबिर झालं. मुलांसमोर उदाहरण घालून द्यावं म्हणून मी रांगेत पहिली. तिथे बोटाला टोचून रक्ताचा थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडतात. हा प्रयोग मी शिकवलेला होता. रक्तात हिमोग्लोबिन पुरेसं असेल तर थेंब जड होऊन सरळ तळाशी जातो. रक्त द्यायला ते १२.५ तरी लागतं. माझा थेंब थोडा खाली गेला, थबकला आणि वर तरंगायला लागला. माझ्या मागे दहावीच्या मुली उभ्या होत्या. तंत्रज्ञ बाईंनी पुन्हा टोचलं. पुन्हा तेच. नंतर नीट तपासणी केली तेव्हा आकडा आला ८.४.

आमच्या डॉक्टरीणबाईंनी पाळीबद्दल विचारलं, खाण्यापिण्याबद्दल विचारलं आणि मग म्हणाल्या, ''चहा कधी घेता?'' मी म्हटलं, ''किती घेते ते विचाराल असं वाटलं होतं.'' त्या म्हणाल्या, ''किती ते नंतर. आधी कधी ते सांगा.'' मी यादी सांगितली. त्यांनी पोह्यांबरोबरच्या आणि डब्यानंतरच्या चहावर बोट ठेवलं.

जी द्रव्यं चहाला रंग आणि तुरटपणा देतात, तीच जेवणातल्या लोहाला पोटात बांधून ठेवतात. पालेभाजी, डाळ, नाचणी, बाजरी यांतलं लोह शरीराला मुळातच कमी लागू पडतं. त्यावर लगेच चहा ओतला की त्यातलं आणखी वाया जातं. दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी १९७५ सालीच हे दाखवून दिलं होतं. म्हणजे मी थकवा घालवायला चहा कडक करत होते, आणि तोच चहा, त्याच वेळी घेतल्यामुळे, थकव्याच्या मुळाला पाणी घालत होता. सगळा दोष चहाचा होता असं मी म्हणणार नाही. पाळीत रक्त जास्त जात होतं, खाण्याची आबाळ होती. त्यावर उपचार झाले. पण चहानं एक वाईट काम केलंच. त्यानं थकव्याची खूण झाकून ठेवली. आठ कप पोटात नसते तर मी निदान वर्षभर आधी डॉक्टरांकडे गेले असते.

हे माझ्या एकटीचं दुखणं नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या स्त्रियांत रक्तक्षयाचं प्रमाण देशात ५७ टक्के आणि महाराष्ट्रात ५४ टक्के आढळलं. निम्म्याहून जास्त! यातल्या कितीजणी 'अंगात जीव नाही गं' म्हणत चहाचं आधण ठेवत असतील, विचार करा.

उपाय मात्र साधा आहे. जेवणाच्या आधी आणि नंतर निदान एक तास चहा नको. हे त्या मार्गदर्शक तत्त्वांतही सांगितलं आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात जेवणानंतर तासाभरानं चहा घेतला तर लोह अडण्याचं प्रमाण साधारण निम्म्यावर आल्याचं दिसलं. आपल्याकडची सगळ्यात लाडकी जोडी म्हणजे कांदेपोहे आणि चहा. आमच्या उल्हासनगरात रविवार सकाळची दाल-पकवान आणि चहा. हरभऱ्याच्या डाळीतलं लोह बिचारं चहात अडकतं. पोह्यांवर लिंबू पिळा, डाळीवर कांदा-लिंबू घ्या, कारण लिंबातलं क जीवनसत्त्व लोह अंगी लावायला मदत करतं. चहा तासाभरानं घ्या. पाहुण्यांना आधी चहा आणि मग सावकाश पोहे, असं केलंत तरी मध्ये तास जायला हवा, गप्पा वाढवाव्या लागतील. आणि लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्या चहाबरोबर कधीही घेऊ नका. मी पहिली गोळी चहाच्या घोटाबरोबरच गिळायला निघाले होते!

चहात शक्ती असते, ही समजूतही आपोआप रुजलेली नाही. १९०३ साली निर्यात होणाऱ्या चहावर उपकर बसवण्यात आला आणि त्या पैशातून चहाच्या प्रचाराची सोय झाली. पुढच्या काही दशकांत फुकट कप वाटून, गिरण्या-कारखान्यांतून चहाच्या सुट्ट्या रुजवून हे पेय आपल्या घरात आणलं गेलं. कामगार ताजातवाना राहतो, हा त्या प्रचाराचा मोठा मुद्दा. तो खोटा नव्हता, पण अर्धाच होता. कामगार नीट जेवला आहे का, झोपला आहे का, हे चहाच्या जाहिरातीनं विचारायचं काही कारण नव्हतं.

तर मग तरतरीसाठी चहा निवडायचा कसा? सकाळच्या कामाच्या कपासाठी आसामचा दाणेदार चहा घ्या. हवा तर रंगापुरती पाव भाग डस्ट मिसळा, जास्त नको. कपाला सपाट एक चमचा, पाण्याला उकळी आल्यावर टाकायचा, दोन मिनिटं उकळायचा, दोन मिनिटं झाकून ठेवायचा आणि गाळायचा. अर्धा ग्लास कडक चहा मोठ्या मगभर पातळ चहापेक्षा बरा, कारण साखर आणि दूध कमी जातं. दुपारी तीन-चारनंतर बंद. त्यानंतर गरम काही हवंसं वाटलं तर गवती चहा, आलं, तुळस. परीक्षेच्या दिवसांत रात्री जागणाऱ्या मुलांना चहाचा थर्मास भरून देऊ नका. वाचलेलं डोक्यात पक्कं बसायला झोपच लागते. गरोदरपणी कॅफीन शरीरातून फार सावकाश जातं, म्हणून तेव्हा दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या खाली राहावं आणि डॉक्टरांना विचारावं. ज्यांना आठवरून तीनवर यायचं आहे, त्यांनी एकदम तोडू नये. डोकं ठणकतं, चिडचिड होते. आठवड्याला एक कप कमी करा.

आणि शेवटची, मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. पूर्वीचाच चहा पुरेनासा झाला, तो अधिकाधिक कडक करावासा वाटायला लागला, तर चहा बदलू नका. आधी झोपेचे तास मोजा आणि रक्त तपासून घ्या.

आता मी निवृत्त आहे. दिवसाला तीन चहा घेते. पहाटेचा, अकराचा आणि दुपारी साडेतीनचा. शेठजी गेले, त्यांच्या आईही गेल्या. दुकानात मुलगा बसतो. डब्यांच्या शेजारी आता पाकिटंही आहेत. मला पाहिलं की विचारतो, ''टीचर, कौनसा? रंग, कडक, के खुशबू?'' मी सांगते, तीन भाग दाणेदार, एक भाग डस्ट, पाव किलो. पूर्वी महिन्याला एक किलो लागायचा. त्याचं गिऱ्हाईक मी कमी केलं, पण तो वाईट वाटून घेत नाही. त्याच्या बायकोनंही गेल्या वर्षी रक्त तपासून घेतलं. ती हल्ली जेवणानंतर तासभर थांबून चहा टाकते, आणि मी तिथे असले तर मला म्हणते, ''मावशी, घड्याळ बघून सांगा हं.''